बास वाजविणाऱ्याचे नाव

गेलेल्या दिवसांची ओढ वाटणे हे नीतीच्या दृष्टीने पूर्णपणे निरपराध आहे काय? प्रश्न वरकरणी अनाठायी वाटेल. वृद्धाने तारुण्य आठवावे, परगावी गेलेल्याने गाव आठवावे आणि त्या आठवणीने त्याचे डोळे ओले व्हावेत, यात पाप ते कसले? तरीही ज्या सुखाचा हिशेब आपण स्वतःला कधीच विचारीत नाही, ते सुख एकदा उजेडात धरून पाहावे, असे मला वाटते. आणि आज घरोघरी, हातातल्या भ्रमणध्वनीपासून भिंतीवरच्या दूरचित्रवाणीपर्यंत, सर्वांत जास्त विकले जाणारे सुख कोणते असेल तर ते हेच आहे.

या भावनेला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. शब्द मोठा गोड आहे, पण तो मूळ शब्दाची अर्धीच बाजू सांगतो. १६८८ साली बाझल येथे योहानेस होफर या तरुणाने आपल्या वैद्यकीय प्रबंधासाठी घरी परतणे आणि वेदना अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून नॉस्टॅल्जिया हा शब्द घडविला. मायदेशापासून दूर असलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या एका व्याधीचे ते नाव होते. म्हणजे तिकडे जी वेदना होती, तिचे आपल्याकडे रंजन झाले. भाषांतर करणाऱ्याला मी दोष देत नाही. व्यवहारात तसे झालेच आहे. आज ही व्याधी कोणी वैद्याकडे नेत नाही, लोक तिच्यासाठी तिकीट काढतात.

अशा रंजनाचा एक उत्तम, निर्मळ नमुना म्हणून मी एका अमेरिकन चित्रपटाचे नाव घेईन. ‘दॅट थिंग यू डू!’ हा टॉम हँक्स या अभिनेत्याने स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला चित्रपट १९९६ मध्ये आला. काळ १९६४ चा, गाव पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईरी. चार पोरांचा एक बँड. त्यांच्या ड्रमवाल्याचा हात मोडतो म्हणून वडिलांच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात काम करणाऱ्या गाय नावाच्या तरुणाला ऐनवेळी बोलावले जाते. तो एका संथ प्रेमगीताचा ठेका जलद धरतो आणि त्या एका बदलाने सभागृह नाचू लागते. मग तबकडी निघते, आकाशवाणीवर गाणे वाजते, गावोगावच्या जत्रांचे दौरे होतात, हॉलिवूडचा दूरचित्रवाणी कार्यक्रम होतो, आणि एवढ्यात बँड फुटतो. एकच गाणे, एकच उन्हाळा. ते गाणे अ‍ॅडम श्लेसिंजर या संगीतकाराने चित्रपटासाठी मुद्दाम १९६४ च्या धाटणीत रचले होते आणि त्याला ऑस्करचे नामांकनही लाभले. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाने श्लेसिंजर गेला.

या चित्रपटात खलनायक नाही. कोणी कोणाचे फारसे वाईट करीत नाही, शिवीगाळ नाही, रक्तपात नाही. कुटुंबासह पाहण्याजोगे म्हणून मी तो आनंदाने सुचवीन. परंतु त्यात एक गोष्ट आहे जी मला स्वस्थ बसू देत नाही. बँडमधील चौघांपैकी जो बास गिटार वाजवितो, त्याला संपूर्ण चित्रपटात नाव नाही. श्रेयनामावलीतही त्याच्यासमोर केवळ ‘बास वाजविणारा’ अशा अर्थाची दोन आद्याक्षरे आणि एक शब्द आहे. तो हसतो, वाजवितो, एके दिवशी बँड सोडून सैन्यात जातो. शेवटी पडद्यावर जी अक्षरे येतात, त्यांवरून कळते की तो व्हिएतनाममध्ये खे सान येथे जखमी झाला. एक ओळ, बस्स. त्या गोड उन्हाळ्याच्या पाठीमागे उभे असलेले एक अख्खे युद्ध त्या ओळीत मावले आहे आणि ज्याच्या देहावर ते युद्ध उमटले, त्याचेच नाव आपल्याला ठाऊक नाही. लेखकाने हे विनोद म्हणून केले आहे, हे मला समजते. पण काही विनोद त्यांच्या कर्त्यापेक्षा अधिक प्रामाणिक असतात. स्मरणरंजन नेमके असेच चालते: गाणे लक्षात राहते, गाणाऱ्याचा चेहरा लक्षात राहतो, बास वाजविणाऱ्याचे नाव गळते.

येथे थोडे विषयांतर करतो. घरी चित्रपट पाहण्याची सवय आपल्याकडे आली कशी, हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि काही वर्षांत बीड, अंबाजोगाई, परळीच्या दुकानांतून टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने खेड्यांत जाऊ लागले. त्याला ‘व्हिडिओ आणणे’ म्हणत. वर्गणी काढून आणलेल्या त्या यंत्रावर अंगणात ओळीने तीन चित्रपट पाहायचे, वीज गेली तर ती येईपर्यंत तिथेच बसून राहायचे, आणि पहाटे यंत्र दुकानी परत करायचे. चित्रपटगृहात चित्रपट पुढे निघून जात असे; घरी आल्यावर तो आपल्या मुठीत आला. आवडलेले पुन्हा लावावे, नावडते पळवावे. मला वाटते, आठवणीशी वागण्याची आपली रीतही त्यानंतर बदलली. आपण भूतकाळाकडे कळफलक हाती धरून पाहू लागलो.

वस्तू मात्र माणसापेक्षा खरी निघते. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा जो पातळ लेप असतो, तो दमट हवेत खराब होतो, त्यावर बुरशी धरते, रंग विटतात, चित्रावर पांढऱ्या रेघा येतात. वर्षागणिक फीत अधिकाधिक वाईट दिसते आणि तीच आठवण मनात वर्षागणिक अधिकाधिक गोड होत जाते. दोन्ही एकाच दिवसाच्या नोंदी! त्यांच्यातील हे अंतर वाढत जाते, त्या अंतरात काय साठते, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या करारातील गणना या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात याचे जे वर्णन आहे, त्याहून मार्मिक मला कोठे आढळले नाही. इजिप्तच्या दास्यातून सुटलेले लोक अरण्यात चालत आहेत. रोज मान्ना मिळतो आहे. आणि ते रडतात कशासाठी? इजिप्तमध्ये फुकट मिळणाऱ्या मासळीसाठी, काकड्यांसाठी, खरबुजांसाठी, कांद्या-लसणासाठी. यादी पाहा, किती तपशीलवार आहे! भाजी एकही सुटलेली नाही. त्या यादीत विटा नाहीत, मुकादमाचा चाबूक नाही, नदीत फेकलेली बालके नाहीत. हे लोक खोटे बोलत नव्हते. मासळी होती, कांदेही होते. त्यांच्या आठवणीतील एकेक वस्तू खरी होती आणि एकंदर आठवण खोटी होती.

आपल्या जिल्ह्यात हा अध्याय समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की गावे रिकामी होतात, माणसे कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत परततात. फडावरून आलेल्या वयस्क बायका एकत्र बसल्या की पहाटेच्या थंडीतली गाणी, पाचटाच्या शेकोट्या, एका कोपीवरून दुसऱ्या कोपीवर जाणारा चहा, यांची आठवण निघते. ऐकताना मन रमते. त्याच बायकांच्या आयुष्यात उचलीचे कर्ज आहे, कोवळ्या वयातली लग्ने आहेत, आणि गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, ज्यांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. नवराबायकोच्या जोडीला फडावर काय म्हणतात, ते सर्वांना ठाऊक आहे: एक कोयता. दोन माणसे, चार हात, आणि नाव हत्याराचे.

एवढे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. त्या बायकांना मी काय सांगू? की तुमची शेकोटी विसरा, कारण ती अन्यायाच्या भुईवर पेटली होती? असे सांगण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. कठीण दिवसांतून जी ऊब त्यांनी स्वतःच्या हातांनी निर्माण केली, ती त्यांची मिळकत आहे. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात स्मृतीला विशाल प्रासादाची उपमा दिली आहे आणि त्यात एक सूक्ष्म निरीक्षण नोंदले आहे: गतकाळचे दुःख आपण आनंदाने आठवू शकतो आणि गतकाळचा आनंद दुःखाने. म्हणजे आठवणीला स्वतःची अशी एक चव असते. घटनेच्या चवीची ती गुलाम नसते. ही देणगीच आहे. ती नसती तर युद्धातून, दुष्काळातून, मृत्यूच्या घरातून माणूस पुन्हा उठलाच नसता. म्हणून गोड आठवण हीच खोटी, असा निवाडा मी देणार नाही. प्रश्न गोडीचा नाही. त्या गोडीची किंमत कोणी दिली आणि त्याचे नाव आपण ठेवले काय, एवढाच आहे.

याच कसोटीवर एक कोंकणी चित्रपट मला हँक्सच्या चित्रपटाहून मोठा वाटतो. बार्डरॉय बारेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’. २०१४ चा. सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, अभिनेत्री पालोमी घोष यांचाही विशेष उल्लेख झाला. साठ-सत्तरच्या दशकांतील मुंबईचे क्लब, गोव्याचे रंगमंच, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि सुमारे वीस जुनी गाणी. ही गाणी क्रिस पेरी या मडगावच्या संगीतकाराची, बहुतेक लॉर्ना यांच्या आवाजाने गाजलेली. गोव्यातील, मुंबईतील, आखातातील कोणत्याही ख्रिस्ती लग्नात आजही त्यांपैकी एखादे वाजल्यावाचून राहत नाही. अशा गाण्यांवर निव्वळ गोड चित्रपट काढणे किती सोपे होते! प्रेक्षक नाचले असते आणि घरी गेले असते. बारेटो यांनी तसे केले नाही. पात्रांची नावे बदलून, लॉरी आणि डोना या दोन कल्पित व्यक्तींच्या द्वारे, त्यांनी एका मुलीच्या आवाजाची किंमत विचारली आहे. विवाहित वाद्यवृंदप्रमुख तिला शोधतो, घडवितो, तिच्यावर प्रेम करतो. आणि पुढे तो आवाज मुका होतो. तिचे दारूत बुडणेही चित्रपट लपवीत नाही. ज्या गाण्यावर सभागृह ठेका धरते, त्याच गाण्याने तिचे घर मोडलेले असते. प्रेक्षकाचे पाय नाचत असतात आणि त्याच वेळी त्याला लाजही वाटत असते. ही अवघड अवस्था मला नीतीच्या दृष्टीने निरोगी वाटते.

तो चित्रपट आणखी एक ऋण मान्य करतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळाविषयी आपण सारेच हळवे असतो. त्या काळी पडद्यावर संगीतकाराचे नाव झळके. पण त्या चालींना वाद्यमेळ बांधून देणारे, स्वरलिपी लिहिणारे, रात्र रात्र ध्वनिमुद्रणाला बसणारे वादक आणि संयोजक यांत गोव्याच्या ख्रिस्ती माणसांचा भरणा होता. शंकर-जयकिशन यांच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्र यांच्या मागे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, आणि व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारित वाद्यवृंद उभा केला. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. गंमत पाहा, ते नाव देशातील मुलामुलाच्या तोंडी झाले आणि हे नाव एका हाडामांसाच्या माणसाचे आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते. २०१२ मध्ये ते वारले.

आपण कॅथलिक मंडळी याविषयी बोलताना एक अभिमानाचे वाक्य हमखास उच्चारतो, की गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांनी मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले म्हणून हे घडले. ते खरे आहे. चर्चच्या गायनमंडपात शिकलेले ते स्वर मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचले. पण हे अभिमानाचे वाक्य म्हणताना दुसरे वाक्यही जोडावे, की त्या मुलांना गावात पोट भरता येईना म्हणून त्यांनी पेटी उचलली, मुंबईत गाववाल्यांच्या कुडांमध्ये खाटेपुरती जागा मिळविली, आणि गौरव आपल्याला आठवला तेव्हा त्यांतील बहुतेक जण निवर्तले होते. संस्थेचेही स्मरणरंजन असते. ते व्यक्तीच्या स्मरणरंजनापेक्षा अधिक काळजीने तपासावे लागते, कारण संस्थेला कोणी नातू उलट प्रश्न विचारीत नाहीत.

गोव्याचे इतके सांगितले, तर बीडचे काय? आपल्याकडे क्लब नव्हते, पण बँड होते आणि आहेत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, क्लॅरोनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम, ढोल, आणि पुढे पुढे हातगाडीवर ठेवलेला कॅशिओ व भोंगा. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००५ मध्ये भारतातील लग्नाच्या बँडांवर एक ग्रंथच लिहिला. त्यात दिसते की हा धंदा देशभर बहुधा जातीने खालच्या मानलेल्या समाजांच्या हाती राहिला. मराठवाड्यात हलगी वाजविणारा मातंग समाज बँडमध्येही आहेच, आणि आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे त्याच घरांतून आलेली आहेत. ज्याच्या वाजविण्यावाचून नवरदेव पारण्यावर निघत नसे, त्याला त्याच मांडवात पंगतीला शेवटी, अनेकदा बाहेर, बसविले जात असे. ही आठवण फार जुनी नाही. आता डीजेच्या भिंती आल्या आणि लोक म्हणू लागले, जुने बँड किती छान होते! होते खरेच. परंतु हे म्हणणाऱ्याने त्या पंगतीत स्वतः कोठे जेवण केले होते, तेही आठवावे.

आमच्या धर्मग्रामातील युवकांनी गेल्या वर्षी जुन्या लग्नांच्या आणि सणांच्या व्हिडिओ फिती गोळा केल्या, शहरातून त्या संगणकावर उतरवून आणल्या आणि त्यांची एक चित्रफीत जुळविण्याचे ठरविले. त्यावर बरीच चर्चा झाली. कोणते ठेवावे, कोणते गाळावे? एक फीत तर बुरशीने पुसून गेली होती. लग्नाच्या फितींत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कॅमेरा वऱ्हाडाच्या चेहऱ्याचेहऱ्यावर थांबतो, आहेर देणाऱ्यांवर थांबतो, जेवणाच्या ताटांवरही थांबतो. बँडवर थांबत नाही. तो बँडवरून सरकत नवरदेवाकडे जातो. बँडचा आवाज मात्र अख्ख्या फितीवर आहे.

‘गाणी ठेवू, फादर, माणसे कशाला?’ असे एका मुलाने विचारले. त्याच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, वेळ वाचविण्याचा विचार होता. मी त्याला उत्तर म्हणून उपदेश केला नाही. मिस्साबलीतील रोमन प्रार्थनेत आपण हुतात्म्यांची नावे घेतो, तेवढी सावकाश वाचायला सांगितली. स्त्री हुतात्म्यांच्या यादीत पहिले नाव फेलिसिटीचे येते. परंपरा तिला २०३ साली कार्थेज येथे मारली गेलेली दासी मानते. तिच्याच बरोबर मारली गेलेली पर्पेच्युआ कुलीन घरची, शिकलेली. तिचे नाव नंतर येते. त्याच यादीत पुढे सिसिलिया आहे, संगीतकारांची आश्रयदात्री. रोमन जगात दासाला माणूस म्हणून मोजणीत घेत नसत. तशा काळात एका समाजाने दासीचे नाव तोंडाने घ्यायचे ठरविले आणि ते आजतागायत वेदीवर घेतले जाते. त्या प्रार्थनेत घटना कमी आहेत, वर्णन जवळजवळ नाहीच. नावे आहेत. ऐकणाऱ्याला कंटाळाही येतो, हे मी वेदीवरून पाहतो.

मुलांनी मग ती फीत हळू करून पाहिली आणि जुन्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजविणाऱ्या एका आबांना बोलावले. आता त्यांचे दात नाहीत, वाद्यही नाही. ते त्यांनी मुलीच्या लग्नाच्या वेळी विकले. आपण फितीत चार सेकंद आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. ‘थांबवा,’ ते म्हणाले, ‘ह्यो मीच.’ नंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुले वही घेऊन बसली होती. एकेक चित्र पुढे सरकवीत आबांनी अकरा माणसांपैकी नऊ जणांची नावे सांगितली, कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणत्या साली वारला, कोण ऊस तोडायला गेला तो परतलाच नाही, असे सारे. कोणाची सुपारी बुडाली, तेही सांगितले. ट्रम्पेटवाल्याच्या आवाजाविषयी बोलताना त्यांनी हाताची मूठ ओठांना लावून दाखविली. दोघांची नावे काही केल्या आठवेनात. एकाचे गाव धारूरकडचे, एवढे त्यांच्या लक्षात होते. दुसरा साइड ड्रम वाजवीत असे आणि हंगामापुरता केजहून येत असे. मुलांनी वहीत तेवढेच लिहून घेतले आणि पुढे नावासाठी जागा कोरी सोडली. आबांनी केजला निरोप धाडला आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.